माकूल फ्लाय : हुबेहूब किती, कामाची किती?

केपकॉडकर

मंडळी, फ्लाय रॉडच्या जुन्या धाग्यावर दोघातिघांनी माकुलाच्या (स्क्विडच्या) फ्लायबद्दल, म्हणजे हुकावर पिसं आणि केस बांधून केलेल्या नकली आमिषाबद्दल, विचारलं होतं. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय. लांबलाय, चहा घेऊन बसा.

मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. इथला माकूल लाँगफिन जातीचा, शास्त्रीय नाव डोरिट्यूथिस पीलेई. हिवाळा तो दूर, खोल पाण्यात काढतो आणि एप्रिल सरता सरता अंडी घालायला किनाऱ्याकडे येतो. नॅनटकेट साउंड आणि व्हिनयार्ड साउंड हे उथळ पट्टे मे महिन्यात माकुलांनी भरतात आणि त्यांच्या मागावर स्ट्राइप्ड बास हा मासा येतो. केप कॉडवरच्या चॅटम गावाच्या दक्षिणेला मोनोमॉयच्या टोकाशी पाण्याखाली वाळूचे बांध आहेत. भरती-ओहोटीचं पाणी त्यांच्यावर चढतं तेव्हा उभ्या लाटा उठतात, त्याला इथे रिप म्हणतात. बास तिथे प्रवाहाकडे तोंड करून उभे असतात आणि वाहत आलेले माकूल टिपतात. एखाद्या सकाळी माकूल जीव घेऊन पाण्याबाहेर उड्या मारताना दिसतात. त्या वेळी डब्यात माकुलाची फ्लाय नसेल तर बाकी कितीही भारी फ्लाय असू देत, हात चोळत बसावं लागतं.

आता मुद्द्याचं. नेटवर माकुलाच्या ज्या फ्लाय दिसतात, त्यातल्या निम्म्या काचेच्या कपाटात ठेवण्यासारख्या आहेत. दहा हात मोजून लावलेले, हातांवर चोषक रंगवलेले, धड जाड रेझिनचं. सुंदर! पण दहा नंबरच्या रॉडने वाऱ्यात फेकायला गेलात की खांदा बोलायला लागतो, आणि पाण्यात पडल्यावर ती फ्लाय लाकडासारखी येते. माझं मत स्पष्ट आहे : माशाला पटण्यासाठी चार गोष्टी हव्यात. मोठा डोळा, प्रकाश आरपार जाणारं धड, सैल हात, आणि ओढ थांबली की आडवी राहून हळूहळू बुडण्याची चाल. बाकी सगळं बांधणाऱ्याच्या हौसेसाठी.

चौथ्या गोष्टीबद्दल जरा जास्त सांगतो, कारण तिच्याकडे फार कुणी बघत नाही. माकुलाला माशासारखी हवेची पिशवी नसते. पोहणं थांबवलं की तो सावकाश खाली जायला लागतो, म्हणून एका जागी राहायचं असलं तरी त्याचे पर सतत हलत असतात. शिशाचे डंबेल डोळे लावले की फ्लाय प्रत्येक थांब्याला एका टोकावर कलते. क्लाउझर मिनो या फ्लायमध्ये तीच गंमत आहे आणि तिथे ती शोभते. माकुलात नको. फ्लायला वजन न देता बुडवायचं काम लाइनकडे (फेकायच्या जाड दोरीकडे) द्या.

माझी बांधणी अशी :

हूक लांब दांड्याचा, ३/० किंवा ४/०, स्टेनलेस किंवा टिनचा मुलामा दिलेला. व्हाइसमध्ये (हूक धरायच्या शिकंज्यात) बसवून दोरा वाकाच्या अगदी सुरुवातीपर्यंत न्या. तिथे डबिंगचा (दोऱ्यावर वळायच्या बारीक केसांचा) किंवा बकटेलच्या (हरणाच्या शेपटीच्या) बुडख्याकडच्या राठ केसांचा वाटाण्याएवढा गोळा बांधा. हा गोळा विसरू नका, त्याच्यामुळेच हात फाकलेले राहतात, नाहीतर ओलं झाल्यावर सगळं चिकटून एकच शेपटी होते.

गोळ्याच्या पुढे हात. कोंबड्याच्या पाठीची लांब, मऊ पिसं सहा ते आठ, गोलाकार, वक्र बाजू बाहेर. त्यांच्यापेक्षा दीडपट लांब अशा दोन सोंडा, मी शहामृगाच्या पिसाचे धागे किंवा ठिपक्यांचे रबरी पाय वापरतो. गुलाबी क्रिस्टल फ्लॅशचे चार-पाच चकाकते धागे पुरेत. मुळाशी माराबूचा, म्हणजे मऊ फुलणाऱ्या पिसांचा, आखूड झुपका. सशाच्या कातडीची पट्टी पाण्यात अप्रतिम हलते हे खरं, पण भिजल्यावर ती पावसात राहिलेल्या गोधडीसारखी जड होते आणि मग फेकताना मानेमागे हूक कुठून येतोय याचा भरवसा राहत नाही.

डोळे दहा ते बारा मिलिमीटरचे. नुसते केसांवर चिकटवले तर दुसऱ्या माशाला निघतात. दांड्याच्या दोन्ही बाजूंना पारदर्शक प्लास्टिकची छोटी चकती दोऱ्याने बांधा, तिच्यावर डोळा ठेवा, वरून यूव्ही रेझिन आणि ते कडक करायला यूव्ही टॉर्च.

धडासाठी स्टीव्ह फॅरर ब्लेंडसारखा कृत्रिम केस. थोडा थोडा घ्यायचा, एकदा वर, एकदा खाली, असं करत हुकाच्या डोळ्यापर्यंत, म्हणजे लाइन बांधायच्या भोकापर्यंत, यायचं. केस उलटा बांधून मागे वळवला की आत पोकळी राहते आणि कमी मालात घेर दिसतो. शेवटी कात्रीने पुढच्या टोकाकडे निमुळतं करा. उजेडासमोर धरा : पलीकडची बोटं पुसट दिसली पाहिजेत. दिसली नाहीत तर केस जास्त झालाय, उपटा.

रंग : खाली पांढरा, वर फिकट बदामी किंवा गुलाबीसर. पाठीवर तपकिरी-लाल मार्करचे ठिपके, पोटाकडे विरळ. झालं.

तिरफळ

वा, केपकॉडकर! तुमी माकुल बांधतास, आमी माकुल खातंव. 😄

गंमत सोडा, पण एक समजलं नाही. डोळे आणि हात तुम्ही हुकाच्या वाकाकडे लावता. मग लाइन ओढली की फ्लाय शेपटीकडून पुढे जाणार, डोकं मागे. आमच्याकडे सुरमईसाठी जे प्लास्टिकचे मासे ओढतात त्यांचं तोंड पुढेच असतं की!

केपकॉडकर

@तिरफळ, रास्त शंका. मासा डोकं पुढे करून पळतो, माकूल पळताना शेपटीकडून जातो. डोक्याखालच्या नळीतून पाणी जोरात बाहेर टाकायचं आणि उलट दिशेला सुटायचं, अशी त्याची पद्धत. शिकारीला जाताना तो हात पुढे करूनही पोहतो, पण बास मागे लागलेला असताना तो शिकारीला निघालेला नसतो ना! म्हणून हुकाचा डोळा म्हणजे माकुलाचं शेपटीचं टोक. हुकाचं टोक आपोआप डोळ्यांपाशी येतं हा बोनस.

मालवणातला तळलेला माकूल आठवून त्रास देऊ नका. इथे त्याला कॅलमारी म्हणून रिंगा कापून देतात. शेजारच्या ऱ्होड आयलंडने २०१४ साली कायदा करून कॅलमारीला राज्याचं अधिकृत ‘ॲपेटायझर’ ठरवलंय. आपल्याकडे वडापावला अजून असा मान नाही!

पेशीविज्ञानी

मासेमारीतलं शून्य कळतं, पण या माकुलाशी आमचा जुना संबंध आहे म्हणून लिहिते. तुम्ही ज्याची नक्कल बांधताय त्याच डोरिट्यूथिस पीलेईवर केप कॉडच्याच वुड्स होल इथल्या सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत कित्येक दशकं काम झालंय.

माकुलाच्या धडात महाकाय चेतातंतू असतात, त्यातला एक सगळ्यात जाड. जे. झी. यंग यांनी १९३६ मध्ये तो चेतातंतूच आहे हे दाखवून दिलं. जाडी सुमारे अर्ध्या ते एक मिलिमीटरपर्यंत, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसणारा, आणि आत इलेक्ट्रोड सरकवता येईल इतका. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९३९ मध्ये इंग्लंडात प्लिमथला माकुलाच्याच तंतूवर विद्युत-आवेग आतून मोजला, १९५२ मध्ये त्याचं गणित मांडलं आणि १९६३ मध्ये जॉन एकल्स यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं.

तुमच्या कामाचा भाग आता येतो. हे जाड तंतू नेमके पळून जाण्यासाठीच आहेत. तंतू जितका जाड तितका संदेश वेगाने जातो. धडाच्या लांबच्या टोकाकडे जाणारे तंतू जवळच्यांपेक्षा जाड असतात, त्यामुळे संदेश सगळीकडे जवळपास एकाच वेळी पोचतो आणि अख्खं धड एकदम आवळलं जातं. तेव्हा पळणारा माकूल हळूहळू वेग घेत नाही. थेट झटका, मग घसरण, मग पुन्हा पाणी आत घेणं. तुम्ही लाइन ओढता ती अशीच ओढता का?

आणि रंगाचं : त्वचेत लाल, पिवळ्या, तपकिरी रंगाच्या पिशव्या असतात, त्यांना चहूबाजूंनी स्नायू. स्नायू ओढले की पिशवी पसरते आणि रंग दिसतो, सैल सोडले की तिचा बारीक ठिपका होतो. सेकंदाच्याही अंशात. म्हणजे एकच माकूल क्षणापूर्वी काचेसारखा आणि क्षणात विटकरी. बाजारातला पांढराफटक माकूल बघून रंग ठरवू नका, तो मेलेला असतो.

केपकॉडकर

ताई, हा प्रतिसाद मूळ धाग्यापेक्षा भारी आहे! लांब झटका, मग दोन-तीन सेकंद काही न करणं, असंच ओढतो. घाव बहुतेक थांब्यातच बसतो. तंतूंच्या जाडीचं हे कारण मात्र पहिल्यांदा कळलं.

एडिसनचा_बाब्या

मी न्यू जर्सीवाला, त्यामुळे आमच्या माणसाचं नाव आधी घेतो : बॉब पोपोविक्स. उलट्या बकटेलने पोकळ घेर काढायची पद्धत त्यांनी ‘हॉलो फ्लाय’ म्हणून रुळवली आणि त्यांची ‘शेडी लेडी स्क्विड’ ही माकुलाची फ्लाय अजून बांधली जाते. तिकडे कॅलिफोर्नियात डॅन ब्लँटन यांची ‘सी-ॲरो स्क्विड’. आणि वेगळं काही नको असेल तर लेफ्टी क्रे यांची डिसीव्हर घ्या, लांब पांढरी पिसं आणि मोठा डोळा लावा, माकूल म्हणून चालून जाते. १९९१ मध्ये अमेरिकेच्या टपाल तिकिटावर आलेली फ्लाय आहे ती, उगाच नाही.

आता भांडण. केपकॉडकर, तुमचं ‘बाकी सगळं हौसेसाठी’ मला मान्य नाही. तुम्ही रिपमध्ये मारता. तिथे पाणी उसळतंय, बासला विचार करायला वेळ नाही, चार गोष्टी पुरतात. पण जूनमध्ये निवांत, स्वच्छ, गुडघाभर पाण्यात मासा फ्लायच्या मागे वीस फूट येतो, नाक लावतो आणि वळून जातो. तिथे पर, ठिपके, सोंडांची लांबी यांनी फरक पडतो असं माझं म्हणणं आहे. आणि हौसेला कमी का लेखता? जानेवारीत बाहेर बर्फ पडत असताना एका माकुलावर दोन तास घालवणं हाच तर या छंदाचा अर्धा भाग आहे. बायको म्हणते त्यापेक्षा क्रोशा शीक. पण क्रोशाला मासा लागत नाही.

भरतीओहोटी

बाब्याभाऊंना +१. हौसेला मोल नसतं.

मी रत्नागिरीकडचा. फ्लाय रॉड हातात घेतलेला नाही, आम्ही गरीवाले. पण माकूल पकडायला जपानी पद्धतीचे कोळंबीसारखे जिग आता आमच्याकडेही मिळतात. मागे काट्यांचा मुकुट असतो, हातांनी मिठी मारली की अडकतो. रात्री जेटीवर दिव्याच्या उजेडाखाली माकूल गोळा होतात. तिकडेही तसंच का?

दुसरं, हे सामान भारतात कसं मिळवायचं? शहामृगाची पिसं, बकटेल वगैरे ऐकूनच खिसा दुखतो.

केपकॉडकर

@भरतीओहोटी, दिव्याचं अगदी तसंच. ऱ्होड आयलंडमध्ये न्यूपोर्टला मे महिन्यात रात्री जेटीवर दिवे आणि जनरेटर घेऊन माणसांची रांग असते, सगळे माकूल काढायला. बास उजेडाच्या मध्यभागी येत नाही, तो उजेड आणि अंधाराच्या सीमेवर अंधाराच्या बाजूला थांबतो. फ्लाय उजेडात टाकून त्या सीमेकडे न्यायची. रात्री ठिपके-बिपके कुणी बघत नाही, बाह्याकृती दिसली की झालं. जॅक गार्टसाइड या बॉस्टनच्या माणसाची गर्गलर नावाची फोमची तरंगती फ्लाय आहे, ती गुलाबी फोममध्ये लांब शेपटी लावून बांधली की पृष्ठभागावर खळखळ करत येणारा माकूल होतो. बांधायला दहा मिनिटं.

@बाब्या, स्वच्छ उथळ पाण्याचं मान्य. पण तिथे मासा वळतो तो बहुतेक वेळा जाड लीडर (लाइन आणि फ्लायमधला पारदर्शक दोरा) आणि फार भरीव धड यांमुळे, असं मला वाटतं. ठिपके वाढवण्याआधी केस कमी करून बघा. परांबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. शेपटीचे पर म्हणजे आपल्याकडे हुकाच्या डोळ्याशी, सगळ्यात पुढे. तिथे फोमचा किंवा रेझिनने कडक केलेला पर लावला की हवेत फ्लाय पंख्यासारखी फिरते आणि लीडरला पीळ पडतो.

सामानाबद्दल कुणी भारतातलं सांगेल का?

माळ्यावरचा_व्हाइस

मी पुण्यात बांधतो, ट्राउटसाठी हिमाचलला जातो, म्हणून सांगू शकतो.

सॉफ्ट टॉय बनवणाऱ्यांकडे लांब केसाचं फर कापड मीटरवर मिळतं. चांगल्या प्रतीचं असेल तर तेच क्राफ्ट फर. कापताना पाठीमागच्या कापडाला ब्लेड लावा, वरून कात्री चालवू नका, नाहीतर केसांची टोकं जातात. डोळे हस्तकलेच्या दुकानात. यूव्ही रेझिन आता दागिने करणाऱ्यांमुळे कुठेही मिळतं, फक्त पातळ आणि जाड असे दोन्ही घ्या. मोनोफिलामेंट दोरा शिलाईच्या दुकानात. कोंबड्याची पिसं चिकनवाल्याकडे फुकट, पण ब्रॉयलरची आखूड आणि कुचकामी असतात, गावठी कोंबडाच हवा. साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, डांबराच्या गोळ्यांसह डब्यात. ‘इंडियन केप’ या नावाने आपल्याकडच्याच कोंबड्यांच्या मानेची पिसं जगभर स्वस्त माल म्हणून विकली जातात, तेव्हा लाजायचं कारण नाही.

आता इशारा. जुन्या विलायती फ्लायमध्ये ‘जंगल कॉक’चं चकाकतं पीस डोळा म्हणून लावत. तो पक्षी म्हणजे आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. गावात कुणी ‘पिसं आहेत, घेता का’ म्हणालं तर नम्रपणे नको म्हणा. परदेशात मिळतात ती पाळलेल्या पक्ष्यांची, तीही इकडे मागवायच्या भानगडीत पडू नका. मोराचं पीसही परदेशात पाठवायला बंदी आहे, त्यामुळे केपकॉडकरांना भेट म्हणून पाठवू नका. 😀

चवळीची_शेंग

धागा माहितीपूर्ण आहे, मान्य. पण एक प्रश्न राहवत नाही म्हणून. एवढी कला करून शेवटी मासा मारायचाच ना?

केपकॉडकर

प्रश्न योग्य आहे. बहुतेक मासे सोडतो. तसंही नियम कडक आहेत : २०२३ पासून समुद्रातला स्ट्राइप्ड बास ठेवायचा तर तो २८ ते ३१ इंचांच्या मधलाच हवा, दिवसाला एक. त्याहून मोठी मादी भरपूर अंडी देते, ती परत गेलीच पाहिजे. नैसर्गिक आमिषासाठी गोल हूक सक्तीचा आहे, फ्लायला तो नियम लागू नाही, पण हुकाचा उलटा काटा मी पकडीने दाबून टाकतो. मासा लवकर सुटतो आणि माझ्या कानात अडकला तर मीही. तुम्हाला पूर्ण पटेल असं उत्तर माझ्याकडे नाही, हेही खरं.

तिरफळ

मग आमच्याकडे ही फ्लाय चालेल का? जिताड्याला मारून बघावी म्हणतो. पाऊस संपला की खाडीत.

केपकॉडकर

जिताड्याला फ्लाय चालते, पण खाडीत माकूल नको. माकुलाला गोडं पाणी सोसत नाही. माकूल, माकळी, ऑक्टोपस या अख्ख्या कुळातला एकही प्राणी गोड्या पाण्यात राहत नाही. पावसानंतर खाडीत क्षार कमी असतात, तिथल्या जिताड्यासमोर कोळंबी आणि बोयटाची पिल्लं असतात. तेव्हा खाडीत कोळंबीची फ्लाय. माकुलाची फ्लाय बाहेर, खडकांच्या टोकांना आणि होडीवरून. सुरमई असेल त्या पाण्यात पुढे बारीक तारेचा तुकडा लावा, दात कात्रीसारखे चालतात. मोडुसा मिळाला तर दहाचा रॉडही हलका पडेल. आकार इकडच्यापेक्षा लहान ठेवा, हातांसकट चार-पाच इंच. इथेही मे महिन्यात अंड्यावर आलेले मोठे माकूल असतात म्हणून सात-आठ इंची फ्लाय, आणि ऑगस्टनंतर त्याच वर्षीची पिल्लं असतात म्हणून बोटाएवढी.

लाइनचं राहिलं होतं. किनाऱ्यावरून इंटरमीडिएट, म्हणजे सावकाश बुडणारी, रिपमध्ये होडीवरून साडेतीनशे-चारशे ग्रेन वजनाची बुडती. लीडर बुडत्या लाइनला लांब नको, चार-पाच फूट, वीस पौंडी फ्लुरोकार्बन. लांब लीडरने लाइन खाली जाते आणि फ्लाय वरच राहते.

एडिसनचा_बाब्या

परांवर तोडगा सापडला, तक्रारीला उत्तर म्हणून लिहितो. फोम नाही, रेझिन नाही. माराबूचे दोन आखूड झुपके हुकाच्या डोळ्याच्या दोन्ही बाजूंना, प्रत्येकी नखाएवढे. हवेत ते दबून बसतात, फ्लाय फिरत नाही. पाण्यात ओढ थांबली की उघडतात आणि प्रवाहात हलत राहतात.

केपकॉडकर

हे चालेल असं वाटतंय. माराबू बांधताना टोकं मागे की बाहेर?

एडिसनचा_बाब्या

बाहेर आणि जरा मागे. मुळाशी दोऱ्याचे दोन वेढे झुपक्याभोवती घ्या, दांड्याभोवती नव्हे, म्हणजे तो उभा राहतो. फोटो संध्याकाळी टाकतो, ऑफिसातून चढवता येत नाहीयेत.